गणितात दोन

"गणितात दोन?" बाबूंनी चष्मा कपाळावर सारला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि मला सोडून सरळ पोराकडे पाहिलं. "शंभरपैकी का?"

"सहापैकी," पोरगा म्हणाला.

हेही तसं बरोबर नव्हतं. जर्मनीत एक म्हणजे उत्तम, चार म्हणजे कसाबसा पास आणि सहा म्हणजे बोलायची सोय नाही. त्या हिशेबानं दोन म्हणजे चांगलेच गुण. पण त्याच्या 'सहापैकी'मुळे बाबूंनी मनातल्या मनात तेहेतीस टक्के काढले आणि पस्तीसला दोन कमी पडतात म्हणून त्यांचा चेहरा उतरला. "पोरगं नापास झालं का जी तिकडे?" त्यांनी मला हळूच विचारलं, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. इतका चांगला माणूस.

हे २०२२च्या ऑगस्टमधलं, पोळ्याच्या आठवड्यातलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, मी जिथून १९९६ साली दहावी झालो त्याच शाळेच्या कार्यालयात आम्ही दोघं उभे होतो. मधली तेरा वर्षं मी न्युर्नबर्गला काढली. २००९ साली एम.एस.ला गेलो, नोकरी लागली, दोन वर्षांनी बायको आणि तीन वर्षांचं पोरगं आलं. पहिलीपासून आठवीपर्यंत तो तिथंच शिकला. मग आमच्या आबांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं. भावाला एकट्याला शेती आणि आबा दोन्ही निभेना, आणि आम्ही परत आलो. त्या निर्णयाबद्दल इथं लिहीत नाही. गावात विचारणारे पुष्कळ होते. "काहून आणलं बाप्पा पोट्टं वापस?" हा प्रश्न मी पहिल्या महिन्यात इतक्या वेळा ऐकला, की शेवटी "तिकडे थंडी लय" एवढंच सांगायचो.

तर कागद. जर्मनी सोडण्याआधी कोणीतरी सांगितलं म्हणून गुणपत्रकांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं होतं, म्युनिकच्या भारतीय वकिलातीचे शिक्केही आणले होते. मला वाटलं झालं. पण हेडसरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "टीसी?" शाळा सोडल्याचा दाखला ही वस्तू तिकडे आपल्या अर्थानं नसतेच. पोरगा नवीन गावाला गेला की जुनी शाळा आणि नवी शाळा आपसांत काय ते बघतात, आईबापांच्या हातात वर्षाचं गुणपत्रक असतं आणि पुरतं. मी शाळेच्या सेक्रेटरीबाईंना ईमेल केली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन ओळींचं पत्र पाठवलं, खाली गोल शिक्का. हेडसरांनी मजकूर वाचलाच नाही, वाचता येणारही नव्हता. शिक्का पाहिला आणि म्हणाले, "हं, आता बोला."

मग आधार. ते काढलं. मग जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयातून 'नववीत बसवायला हरकत नाही' असा कागद. त्याच्या चार खेपा, त्यातली एक साहेब दौऱ्यावर म्हणून वाया. मग ऑनलाइन नोंदणी. तिथं मागच्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही, आणि जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या शाळेला यू-डायस कुठून येणार? दोन आठवडे पोरगा वर्गात बसत होता, पण संगणकाच्या लेखी तो भारतात नव्हता. मग एक दिवस बाबू म्हणाले, "चढलं नाव." कसं चढलं ते मी विचारलं नाही.

गुणांचं कोडं मात्र मीच सोडवलं, आणि त्यासाठी उलटं चालावं लागलं. मी एम.एस.ला अर्ज केला तेव्हा अमरावती विद्यापीठातले माझे ६४ टक्के जर्मन गुणांत बदलून घ्यावे लागले होते. त्याचं एक सूत्र तिकडे सर्रास वापरतात, नावच आहे 'सुधारित बायर्न सूत्र'. जास्तीत जास्त गुणांतून आपले वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा पासापुरते यानं भागायचं, तीननं गुणायचं, एक मिळवायचा. आमच्या इंजिनिअरिंगला पास चाळीसला, म्हणून ६४चे झाले २.८. आता तेच सूत्र उलटं फिरवलं, पास पस्तीसला धरून. पोराच्या गणितातले दोन झाले ७८. तीनचे झाले ५७ला थोडे कमी. बाबूंनी रकाने भरले. "अठ्ठ्याहत्तर म्हणजे हुशार आहे की," ते म्हणाले आणि पोराला पारले बिस्किटाचा पुडा दिला.

बसमध्ये बसल्यावर मला जरा घाम फुटला. कारण त्या सूत्रात दुसरा एक आकडाही घालून बघावासा वाटला होता आणि मी तो चार वर्षं टाळला होता.

त्यासाठी मागं जावं लागेल. बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीच्या वर्षी मेच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते आणि त्यावरून पोरगं पाचवीला कोणत्या शाळेत जाणार ते लिहिलेलं असतं. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, तर गिम्नाझियम, म्हणजे पुढं आबिटूर ही शाळेची शेवटची परीक्षा आणि विद्यापीठ. २.६६पर्यंत रेआलशूल, दहावीला संपणारी. त्यापलीकडे मिटेलशूल, जिथून बहुतेक पोरं नववी-दहावीनंतर कामधंद्याच्या शिक्षणाला लागतात. पोरगं तेव्हा नऊ-दहा वर्षांचं असतं. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, सोळा राज्यांचे सोळा कायदे, आणि बायर्न त्यात कडक समजलं जातं.

आमच्या पोराला २०१८ साली मिळालं: जर्मन तीन, गणित दोन, परिसर अभ्यास तीन. बेरीज आठ, भागिले तीन, २.६६. परिसर अभ्यासात तीनऐवजी दोन असते तर बेरीज सात, सरासरी २.३३, आणि पोरगं गिम्नाझियमला. एका विषयातला एक आकडा. तो विषयही कोणता, तर पाणी कुठून येतं, वाहतुकीचे नियम काय, कुंपणातला पक्षी कोणता. तिथले पक्षी त्याला येत नव्हते. त्याला यायचा तो आजीनं सांगितलेला भारद्वाज.

तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात, त्यात उत्तीर्ण झालं तर वरच्या शाळेत जाता येतं. आम्ही ते केले नाहीत. बायको म्हणाली, पोराला आणखी एकदा चाळणीत घालायचं नाही. गावाकडे मात्र मी सांगून टाकलं, 'चांगल्या शाळेत नंबर लागला.' खोटं नव्हतं. रेआलशूल चांगलीच होती. पण फोन ठेवल्यावर आपण नेमकं कोणाची लाज झाकली, हे मला नीट सांगता आलं नसतं.

त्या शाळेबद्दल थोडं लिहितो, कारण इथं लोकांना वाटतं परदेशी शाळा म्हणजे खेळणं-बागडणं. तसं काही नाही. सकाळी आठला शाळा, एकच्या सुमारास घरी. वर्गात सत्तावीस पोरं. फी नाही, पुस्तकं शाळा वर्षभर वापरायला देते, वर्षाअखेर परत, फाटलं तर भरून द्या. आणि परीक्षा अखंड. मोठी परीक्षा सांगून होते, पण एक छोटी असते, पोरं तिला 'एक्स' म्हणतात, ती न सांगता येते. मागच्या एक-दोन तासांत जे शिकवलं त्यावर वीस मिनिटं. त्याहून वाईट तोंडी. तास सुरू झाला की गुरुजी वहीत बोट फिरवतात, एकाला उठवतात, पाच मिनिटं प्रश्न, लगेच गुण. आमचा पोरगा सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणायचा तो या बोटाच्या भीतीनं. सातवीत शाखा निवडावी लागते, त्यानं गणित-विज्ञान-तंत्राची घेतली. दोन विषयांत पाच आले किंवा एकात सहा, तर बहुधा तेच वर्ष पुन्हा. त्याच्या वर्गातली दोन पोरं अशी मागं राहिली आणि त्यांच्या घरी कोणी मेल्यासारखं झालं नाही, हे मला विशेष वाटलं.

आणि गैरहजेरी. सुट्ट्या लागण्याच्या दोन दिवस आधी तिकीट स्वस्त मिळतं म्हणून पोरांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना बायर्नच्या विमानतळांवर पोलिसांनी हटकल्याच्या बातम्या आम्ही तिथं वाचल्या आहेत. घरी बसवून शिकवायला कायद्यानंच बंदी. इथं दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला की नववीच्या वर्गातली पटसंख्या आपोआप अर्धी होते. हजेरीपटावर 'गै' लिहून सर पुढं जातात. तेही काय करतील? वेचणीचे पैसे किलोवर असतात आणि घरात हात तेवढेच.

तर नववी. वर्गात ६८ पोरं, एका बाकावर तीन. सेमी घेतलं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. पुण्या-मुंबईकडे काही शाळांत जर्मन विषय म्हणून घेता येतो. आमच्याकडे हिंदी, आणि पोराला हिंदी येत होती ती फक्त सिनेमातली. मराठी बोलायचा चांगली, घरात आम्ही दुसरं बोलतच नव्हतो. पण वाचायचा अक्षर-अक्षर जोडून, आणि जोडाक्षर आलं की बैल थांबावा तसा थांबायचा.

त्यावर उपाय आबांनी काढला. काढला म्हणजे, तसं काही ठरवलं नव्हतं. आबांना पेपर लागायचा, डोळे शाबूत पण धरायला हात नाही आणि वाचून दाखवा म्हणायला वाचा नाही. पोरगा सकाळी त्यांच्या खाटेवर बसून मोठ्यानं वाचायला लागला. कापसाचे भाव, नगरपंचायतीचं राजकारण, निधनवार्ता. चुकलं की आबा डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या माच्यावर टकटक करायचे. एकदा टकटक म्हणजे परत वाच. दोनदा म्हणजे हे सोड, पुढचं वाच. बहुतेकदा दोनदाची टकटक राजकारणाला असायची. संक्रांतीपर्यंत पोरगा 'अतिवृष्टिग्रस्त' न थांबता वाचायला लागला होता.

शाळा अकराची. पण पोरं सहा वाजताच ट्यूशनला. हे मला नवीन होतं, माझ्या वेळी ट्यूशन म्हणजे नापासांची सोय. आता ट्यूशनला शिकतात आणि शाळेत विश्रांती घेतात, असं एका पालकानंच मला सांगितलं. मी पोराला लावली नाही, दोन महिन्यांनी लावली. शाळेतले गणिताचे सर उत्तम होते, तरुण, शिक्षणसेवक. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ८००० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये ते १८००० झाले. तीन वर्षं तसं काढायचं, मग कायम. बायर्नचा शिक्षक विद्यापीठ झाल्यावर दोन वर्षं उमेदवारी करतो आणि मग बहुधा जन्मभराचा सरकारी अधिकारी होतो, हे मी सरांना एकदा चहा पिताना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "उमेदवारी आमची पण चालूच आहे."

तोंडीचा किस्सा राहिला. आपल्याकडे भाषांना ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. पोराला पहिल्या सत्रात कोणीतरी सांगितलं की उद्या तोंडी आहे. रात्रभर झोपला नाही. सकाळी पोटात दुखलं. संध्याकाळी घरी आला तो चक्रावलेला. "माझा नंबर आलाच नाही. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, दिले ना एकोणीस." त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा चेहरा फसवल्यासारखा होता. काय बोललो असतो ते त्यानं मला दाखवलं, पाठ केलेलं सगळं, उभं राहून. मी ऐकून घेतलं. आबांनी एकदा टकटक केली.

आता माझ्या पुतण्याबद्दल. भावाचा मुलगा, याच्याच वयाचा, याच्याच वर्गात. दोघं एकाच एसटीनं जायचे. बैल वळवण्यात, पोहण्यात, मोटरचं फ्यूज बांधण्यात पुतण्या आमच्या पोराच्या दहा पावलं पुढं. एका रात्री लाइट गेली होती, दोघं कंदिलाजवळ अभ्यासाला बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की पुतण्याला भागाकार येत नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं. नववीत. मी विचारलं, "अरे, आठवीपर्यंत कसा आलास?" तो म्हणाला, "आलो ना जी." खरंच होतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नव्हतं. हेतू चांगला होता, आमच्या तांड्यांवरची आणि कोलामांच्या पोडांवरची किती पोरी-पोरं त्यामुळं शाळेत टिकली हे मी डोळ्यांनी बघितलंय. निळ्या 'मानव विकास'च्या बसमधून तांड्यावरच्या मुली बारावीपर्यंत जाताना दिसतात, माझ्या वेळी एकही नव्हती. पण नापास करायचं नाही याचा अर्थ सांगायचंही नाही असा कधी झाला, कोण जाणे. २०२३ मध्ये नियम बदलला, पाचवी आणि आठवीला परीक्षा आणि पुनर्परीक्षा आली. पुतण्या त्याआधीच पार झाला होता.

भावाला मी ते सांगितलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला. त्यानं पेटीतून प्रगतिपुस्तकं काढली. पहिलीपासूनची, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. ब श्रेणी, ब श्रेणी, क एक, ब श्रेणी. 'अभ्यासात रस घेतो.' 'वर्तन समाधानकारक.' "हे खोटं आहे का मग?" त्यानं विचारलं. मला उत्तर आलं नाही. मला त्या वेळी तो मेमधला जर्मन कागद आठवत होता, २.६६ लिहिलेला, ज्याचा मी चार वर्षं राग केला. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडावर असं सांगू नये, हे माझं मत अजूनही आहे. तिथलेही पुष्कळ लोक तेच म्हणतात, आणि खालच्या शाळेतून वर चढायला पुढं शिड्या ठेवल्यात त्या त्यासाठीच. पण त्या कागदामुळं आम्हाला कळलं तरी होतं. भावाला दहा वर्षं कोणी काहीच सांगितलं नव्हतं आणि पिशवी भरत गेली होती.

दहावीला दोघं गेले. दहावीच्या पुस्तकांबद्दल मला चांगलंच बोलायचं आहे, कारण माझी अपेक्षा वेगळी होती. भूगोलाचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे. हवामान, वस्ती, लोकसंख्या, सगळं शेजारी-शेजारी ठेवून. पोराला ते इतकं आवडलं की तो प्रत्येक धड्याच्या समासात जर्मनीचा तिसरा रकाना करायचा. इतिहासाचं पुस्तक तर इतिहास लिहितात कसा यावरच सुरू होतं. त्यात हेगेल येतो, रांके येतो, कार्ल मार्क्स येतो. सरांनी पोराला उभं करून ती नावं खऱ्या उच्चारात म्हणायला लावली आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. शाळेत त्याला मिळालेल्या या एकमेव टाळ्या. त्या तीन मृत जर्मनांचा तो अजून ऋणी आहे.

मराठीची आता प्रश्नपत्रिका नाही, कृतिपत्रिका असते. बातमी लिहा, जाहिरात करा, रसग्रहण करा, आणि 'स्वमत' द्या. मला वाटलं, घ्या, झाली की पाठांतरातून सुटका. मग पुतण्याचं गाइड हातात आलं. त्यात प्रत्येक धड्याची स्वमतं छापलेली होती. आठ-आठ ओळींची, तयार. पोट्टे ती पाठ करत होते. आमच्या पोरानं प्रिलिमला स्वतःचं स्वमत लिहिलं, निम्मेच गुण मिळाले, शेरा: 'मुद्दे अपुरे'. तो पुढच्या वेळी काय करायचं ते शिकला. त्यानं गाइडातलं वाचलं, त्यातले मुद्दे घेतले आणि वाक्यं आपली घातली. पैकीच्या पैकी. मी काही बोललो नाही.

१ मार्च २०२४ला पेपर सुरू झाले. केंद्र दुसऱ्या गावच्या शाळेत. उन्हं तापायला लागली होती, अकरा ते दोन पेपर, भाषेला तीन तास आणि वर दहा मिनिटं जादा. गणिताचे दोन भाग, चाळीस-चाळीसचे, दोन-दोन तास. बाहेर पालकांची जत्रा, रसवंतीवाल्याचा धंदा जोरात. मी इतर बापांसारखा लिंबाखाली उभा. एका खिडकीतून चिठ्ठी आत गेल्याचं मी पाहिलं, मग भरारी पथकाची गाडी आली म्हणून पोरं कुंपणावरून उड्या टाकून पळाली, मग गाडी गेली. त्या दिवशी पोरानं घरी येऊन एवढंच विचारलं, "पकडलं तर काय करतात?" तिकडे कॉपी सापडली की त्या पेपरला सरळ सहा, पुढं काही तमाशा नाही. मी म्हटलं, इथं पकडलं तर वाटोळं होतं. "आणि नाही पकडलं तर?" तो म्हणाला. पुतण्या तेव्हा तोंड धुवत होता. त्यानं पाणी तोंडात धरून आमच्याकडे पाहिलं.

निकाल २७ मेला, दुपारी एकला. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, तिथं वीस-पंचवीस जण मोबाइल वर धरून उभे. राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला होता, तो सगळ्यांच्या आधी कळला होता. त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं आपण त्यातच.

पोराला ६९.८०. सहाशेची परीक्षा, पण टक्के चांगल्या पाच विषयांचे काढतात, त्यात त्याची हिंदी झाकली गेली. पुतण्या गणित आणि विज्ञान दोन्हीत गेला. तो टाकीच्या कठड्यावर बसून राहिला. भाऊ येऊन बसला. मग म्हणाला, "चाल, जेवून घे." पुतण्या उठला नाही. "मले त सर कधी काई म्हनलेच नाई," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हता. खरंच आठवून बघत होता.

त्या रात्री पोरानं गुणांच्या कागदामागं पेन्सिलीनं काहीतरी मांडलं होतं. शंभरातून ६९.८० वजा, भागिले पासष्ट, गुणिले तीन, अधिक एक. २.३९. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, "अजून शून्य पूर्णांक शून्य सहा कमीच आहे बाबा." म्हणजे गिम्नाझियमची ती २.३३ची सरासरी त्यालाही पाठ होती. सहा वर्षं. आम्ही घरात कधी तिचा विषय काढला नव्हता.

सगळ्यांनी सांगितलं सायन्स घ्या, नीट, जेईई, यवतमाळला होस्टेल, नाहीतर नागपूरच. पोराला मशीनवर काम करायचं होतं. तिकडे असता तर त्यानं दहावीनंतर मेकॅट्रॉनिकरची, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही सांभाळणाऱ्याची, आउसबिल्डुंग धरली असती, साडेतीन वर्षं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कंपनीत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. ते इथं नाही. आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. त्यानं पदविकेचा अर्ज भरला. गावातल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढं जर्मनीवरून येऊन पोट्टं डिप्लोमा करते का जी?" मी म्हटलं, तिकडे थंडी लय.

पुतण्याचं एटीकेटीवर अकरावीला कलाशाखेत झालं, जुलैत पुरवणी परीक्षा होती. जूनभर दोघं भागाकारापासून सुरू करून बसले, गोठ्याशेजारच्या पडवीत, कारण तिथं वारा येतो. आबांची खाटही तिथंच हलवली. गणित जुलैत सुटलं, विज्ञान राहिलं.

मधल्या काळात दोघांचे दाखले आणायला मी आणि भाऊ पोराला घेऊन एकाच दिवशी शाळेत गेलो. बाबूंनी रजिस्टर उघडून दोन्ही टीसी लिहून ठेवल्या होत्या. पोराच्या दाखल्यावर 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात लिहिलं होतं: 'रिअल स्कूल, जर्मनी'. पोरगा ते बघून इतका हसला की बाबूही हसायला लागले, कशाला ते न कळता. खाली 'अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: दहावी उत्तीर्ण.'

भावानं पुतण्याचा दाखला दोन्ही हातांत धरून वाचला. शाळा सोडण्याचे कारण: दहावी अनुत्तीर्ण, एटीकेटी. त्याच्या वरच्या ओळीत, त्याच अक्षरात, अभ्यासातील प्रगती: चांगली. त्यानं कागदाची घडी घातली आणि पिशवीत बाकीच्यांबरोबर ठेवला.